दुसऱ्याच्या दारात चार्जिंग: आठ महिन्यांचा अनुभव

माझी गाडी टाटाची विजेवर चालणारी पंच ईव्ही, ३५ किलोवॅट-अवरची, म्हणजे ३५ युनिट वीज मावणारी मोठी बॅटरी. आणि गेले आठ महिने बाहेर ती मी बहुतेक वेळा चार्ज करते ते एका भलत्याच कार कंपनीच्या शोरूमच्या आवारात, पुण्यात नवले पुलावरून कात्रजकडे जाताना लागतं तिथे. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या गोष्टीत तिथला वॉचमन येतो, तो आता ओळखीचा झालाय, आणि माझ्या लिहिण्यापायी त्याला कुणी झापलेलं मला आवडणार नाही. त्या बाजूला ईव्ही चालवणाऱ्यांना जागा बरोबर कळेल.

आधी मी तिथे जातेच कशाला, ते सांगते. माझा धंदा पंपांच्या मेकॅनिकल सीलचा, म्हणजे पंपातून गळती होऊ नये म्हणून बसवतात त्या भागाचा. धायरीत छोटा गाळा आहे. गिऱ्हाइकं कुरकुंभ, जेजुरी, शिरवळ अशी पसरलेली. केमिकल कंपनीतल्या पंपाचं सील गळायला लागलं की फोन "सवडीने या" असा कधी येत नाही. सोसायटीत चार्जिंग पॉइंटसाठी अर्ज देऊन वर्ष झालं. कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं, बॅटरी पेट घेते. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दोन भरलेले सिलिंडर आहेत, पण ते जाऊ दे. गाळ्यात पंधरा अँपिअरचा प्लग आहे, त्यावर गाडी ताशी सव्वातीन युनिटच्या आसपास घेते. रात्री लावली तर सकाळी तयार. अडचण होते ती दिवसात दोन फेऱ्या पडल्या की, आणि गुरुवारी. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल याचा नेम नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे फास्ट चार्जर लागतोच, आणि माझ्या रोजच्या रस्त्यात सगळ्यात जवळचा हाच.

पहिली वेळ जुलैतली. कुरकुंभहून परत येत होते. सकाळी ९६ टक्क्यांवर निघालेली गाडी. येताना पाऊस, हडपसरला तासभर खोळंबा, काच धुरकट होते म्हणून एसी बंद करता येईना. कोंढव्यातून कात्रजला उतरले तेव्हा ११ टक्के. अ‍ॅपवर त्या शोरूमचा चार्जर हिरवा दिसत होता: साठ किलोवॅट, दोन गन (म्हणजे गाडीत खुपसायची केबलची टोकं), दोन्ही मोकळ्या. गेटवर वॉचमन छत्री घेऊन आडवा आला.

"मॅडम, ही आपली गाडी नाही."

"माहितीये मामा. चार्जिंगला आलेय."

"आपल्याच गाड्यांना आहे ते."

मी अ‍ॅप दाखवलं. त्यांनी मोबाइल हातात न घेता वाकून पाहिलं, पावसाचे दोन थेंब स्क्रीनवर पडले, आणि म्हणाले, "ह्यात काय असंल ते असू द्या. साहेब ओरडतात." साहेब म्हणजे सेल्सचा मॅनेजर, तो सात वाजताच घरी गेलेला. मग मी चार्जर चालवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मुलीने स्पष्ट सांगितलं की चार्जर सर्वांसाठी खुला आहे, कुठल्याही कंपनीची गाडी चालते. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाई आपल्या शोरूमच्या आहेत का?" प्रश्न चुकीचा नव्हता. ती मुलगी कुठल्या तरी दुसऱ्या शहरात बसलेली, पगार तिसऱ्याच कंपनीचा, आणि गेटवर ओरडा खाणार हे. शेवटी त्यांनी आतल्या कुणाला तरी फोन केला, "एक लेडीज आहेत, पाऊस हाय" असं सांगितलं आणि गेट उघडलं. म्हणजे मला आत घेतलं ते चार्जर खुला होता म्हणून नव्हे, पावसाने घेतलं.

आत गेल्यावर दुसरा खेळ. दोनपैकी एका जागेवर टेस्ट ड्राइव्हची गाडी उभी, तीही पेट्रोलची. दुसरी जागा मोकळी, पण तिच्या मागच्या टोकाला टायर अडवायचा सिमेंटचा ठोकळा आणि त्याच्या पलीकडे, भिंतीला टेकून, चार्जर. आखणी अशी की गाडी उलटी लावावी, मागच्या बाजूला चार्जिंगचं झाकण असलेल्यांनी. पंचचं झाकण पुढे, नाकावर. उलटी लावली तर केबल पोचणारच नाही. सरळ नाक घालून उभी केली तर ठोकळा आड येतो आणि केबल ताणून, थोडी वाकडी करून, जेमतेम बसते. ही केबल म्हणजे मनगटाएवढी जाड, पावसात भिजलेली, चिखलात लोळलेली. हात आणि ओढणी दोन्ही काळी झाली. आता मी गाडीत एक जुना टॉवेल आणि रबरी हातमोजे ठेवते. हातमोजे गाळ्यातलेच, त्यासाठी वेगळा खर्च नाही.

गन बसली की पुढचं अर्धं मिनिट मला अजूनही आवडतं. आधी 'खट्' असा आवाज, म्हणजे गाडीने गन आतून धरून ठेवली. मग चार्जर आणि गाडी एकमेकांशी बोलतात: बॅटरीचा व्होल्टेज किती, तिला करंट किती झेपतो. त्यानंतर चार्जर इन्सुलेशन तपासतो, कुठे गळती तर नाही ना. मी गळतीच्याच धंद्यात असल्यामुळे या तपासणीबद्दल मला जरा जास्त आदर आहे. आणि मग आकडे चढायला लागतात. ८ किलोवॅट, १९, २७, ३०. तिथे थांबतात. चार्जर साठचा आहे म्हणून गाडी साठ घेईल असं नाही. किती घ्यायचं ते गाडी ठरवते. कंपनीच्याच म्हणण्यानुसार ५० किलोवॅटच्या चार्जरवर ही गाडी १० ते ८० टक्के ५६ मिनिटांत भरते. हिशेब केला तर सरासरी सव्वीस किलोवॅटच्या आसपास येते. म्हणून 'एकशे वीस किलोवॅट' असे मोठे फलक पाहून माझ्यासारखीने हुरळून जाऊ नये. टाकीचं तोंड लहान असेल तर नळ मोठा असून उपयोग काय? उलट दोन गनचा साठ किलोवॅटवाला चार्जर दोघांत वाटला गेला आणि वाट्याला तीस आले, तरी माझं काही बिघडत नाही. शेजारच्या मोठ्या गाडीवाल्याचं तोंड मात्र उतरतं.

त्या दिवशी चार्जिंगच्या अ‍ॅपमधल्या वॉलेटमध्ये पाचशे रुपये भरले होते. दर २१ रुपये युनिट, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २४ रुपये ७८ पैसे. पाचशेत वीस युनिट आणि वर थोडं. ६६ टक्क्यांवर चार्जिंग आपोआप बंद. मी शोरूमच्या काचेआडून कुणाची तरी नवी गाडी हार घालून निघताना बघत होते, मला पत्ताच नाही. कळलं ते वीस मिनिटांनी. मग आणखी दोनशे भरले, पुन्हा सगळी ओळखपाळख, पुन्हा खट्, आणि ८० टक्क्यांना बंद केलं. एकूण २५.४ युनिट, ६२९ रुपये ४१ पैसे. उरलेले सत्तर रुपये एकोणसाठ पैसे वॉलेटात. गाळ्यावर हीच वीज साधारण निम्म्यात पडते, पण पेट्रोलच्या तुलनेत बाहेरचा दरही मला परवडतो, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. बिलावर माझा जीएसटी नंबर टाकायची सोय नाही, ही तक्रार आहे.

८० टक्क्यांनंतर मी तिथे थांबत नाही. पुढे बॅटरी स्वतःच हात आखडता घेते, शेवटच्या वीस टक्क्यांना उगाच जीव खाते. रांगेत कुणी उभं असेल तर शंभरपर्यंत बसून राहणं हा मला शुद्ध उद्धटपणा वाटतो. पुण्यात तो भरपूर बघायला मिळतो. एकदा एक गृहस्थ ९४ टक्क्यांवर गाडी सोडून समोर मिसळ खायला गेले होते. फोन केला तर म्हणाले, "पैसे भरलेत मॅडम." मीही भरणारच होते, फुकट मागत नव्हते.

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत आहे, न्यू जर्सीत, फोर्डची मस्टँग माक-ई चालवतो. त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसला. त्यांच्याकडे गंमत निराळी. टेस्लाची गन आणि त्याच्या गाडीची गन यांचा आकारच वेगळा. फोर्डने मे २०२३ मध्ये टेस्लाशी जमवून घेतल्याचं जाहीर केलं, फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी फोर्डवाल्यांना टेस्लाचे फास्ट चार्जर, म्हणजे सुपरचार्जर, उघडले, आणि मधे लावायला एक अ‍ॅडॉप्टर आला. तेही नव्या पिढीच्या सुपरचार्जरवरच, जुन्यांवर चालत नाही. टेस्लाचं झाकण मागे डावीकडे, म्हणून केबल आखूड ठेवलेली. त्याच्या गाडीचं झाकण पुढे डावीकडे. परिणामी तो दोन जागा अडवून तिरका उभा राहतो आणि टेस्लावाले त्याच्याकडे आमच्या कमिटीतले काका बघतात तसे बघतात. केबल सगळीकडे आखूडच असते, एवढं यातून समजलं.

आपल्याकडे निदान तो अ‍ॅडॉप्टरचा घोळ नाही. आता येणाऱ्या चारचाकींना फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस-२ ही एकच गन. टाटा असो, कुणीही असो, खोबणी तीच. वरचा गोल भाग बोलण्यासाठी, खालची दोन जाड टोकं विजेसाठी. इतकंच काय, टाटाने २०२५ मध्ये मेगाचार्जर नावाचे फास्ट चार्जर आणले त्यात टाटाच्या गाड्यांना प्राधान्य आणि सवलत आहे, पण दुसऱ्यांनाही ते खुले आहेत. म्हणजे माझ्या कंपनीच्या दारातही कुणीतरी माझ्यासारखं उपरं उभं असणार. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीत शोरूम थाटलं, ऑगस्टमध्ये तिथे २५० किलोवॅटचे चार सुपरचार्जर सुरू केले, २४ रुपये युनिटने. ते मात्र टेस्लाच्याच गाड्यांसाठी. त्यांची गाडी घ्यायची माझी ऐपत नाही, तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटला.

एकदाच गन बसली नाही, आणि तो दोष माझ्या अज्ञानाचा. एका सरकारी कार्यालयाच्या पार्किंगमध्ये अ‍ॅपवर 'डीसी' (म्हणजे फास्ट) चार्जर दिसला. गेले. तिथे धूळ खात उभा होता भारत डीसी-००१ नावाचा जुना पंधरा किलोवॅटचा प्रकार. सुरुवातीच्या काळातल्या कमी व्होल्टेजच्या गाड्यांसाठी आलेला. त्याची गन गोल, वेगळ्याच घडणीची. ती माझ्या गाडीला लावून पाहताना शिपाई म्हणाला, "बाई, हे चालू असल्याचं आम्ही कधी बघितलं नाही, पण तुम्ही प्रयत्न करा." तेव्हापासून डीसी एवढं वाचून मी हलत नाही, सीसीएस-२ लिहिलंय का ते बघते.

शिरवळकडे जाताना हायवेवरच्या एका हॉटेलात तिसऱ्याच कंपनीचा चार्जर आहे, तिथेही मी चार-पाच वेळा गेलेय. जागा ऐसपैस, वर छप्पर, पिठलं-भाकरी बरी, बायकांचं स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ. माझ्या लेखी या शेवटच्या गोष्टीला दहापैकी चार गुण आहेत. शोरूममध्ये रात्री आठनंतर आतलं स्वच्छतागृह बंद करतात, आणि तासभर गाडीत बसून राहायचं असतं तेव्हा ते नुसतं गैरसोयीचं नसतं. हे आखणी करणाऱ्यांच्या डोक्यात कसं येत नाही? बहुधा आखणीच्या खोलीत बाई नसावी. हायवेच्या जागेचा दोष एवढाच की शनिवार-रविवारी चार्जरपुढे महाबळेश्वरला निघालेल्या डिझेलच्या गाड्या लागलेल्या असतात, आणि हॉटेलचा पोरगा "पाच मिनटात काढतो" म्हणून गेला की नाश्ता संपेपर्यंत दिसत नाही.

आता आमच्या मामांकडे परत येते. ऑगस्टमध्ये एकदा गेले तर म्हणाले, "ताई, मशीन बंद पडलंय. दोन दिस झाले." अ‍ॅपवरही लाल. मी गाडी वळवणार, तेवढ्यात चार्जरच्या बाजूचं लाल बटण दिसलं, आत दाबलेलं. इमर्जन्सी स्टॉपचं. ते एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं, कारखान्यातल्या पंपाच्या पॅनेलवर असतं अगदी तसंच. बाणाच्या दिशेने जरा पिळलं की टुणकन बाहेर येतं. पिळलं. मशीन एक-दोन मिनिटं विचारात पडलं आणि चालू झालं. कुणाच्या तरी पोराने लाल बटण दिसलं म्हणून दाबलं असणार, आणि दोन दिवस सगळे तंत्रज्ञाची वाट बघत होते. अर्थात, बटण दाबलेलं दिसलं तरी आधी केबल, गन, आजूबाजूला पाणी, जळका वास हे बघून घ्यायचं. कुणी खरंच कारणाने दाबलेलं असू शकतं. मामांना हे सगळं दाखवलं. ते म्हणाले, "मग ते टेक्निशियन काय करतंय येऊन?" मी म्हटलं, हेच करतो, फक्त बॅग घेऊन येतो.

दुसरी गोष्ट मीच तिथे शिकले, तीही फजिती होऊन. चार्जिंग संपलं, पैसे कापले गेले, आणि गन निघेना. ओढली, हलवली, वर पाऊस, मागे एक रांगेतला मुलगा हॉर्न वाजवतोय. गन गाडीनेच धरलेली असते, चार्जरने नव्हे. गाडी लॉक असेल तर ती सोडत नाही. किल्लीवरचं अनलॉक दाबायचं आणि मग ओढायची. हे माहितीपुस्तकात असतं, आणि पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतच असतं.

वॉलेटांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मोबाइलमध्ये आज सात चार्जिंगची अ‍ॅप आहेत. प्रत्येकाचं वॉलेट वेगळं, प्रत्येकात कमीत कमी भरायची रक्कम वेगळी, आणि प्रत्येकात थोडे थोडे पैसे अडकलेले. परवा सगळे मोजले: १,१४६ रुपये. कुठे सत्तर, कुठे चारशे, एका ठिकाणी तर ज्या कंपनीचा पुण्यातला चार्जर मला पुन्हा चालू स्थितीत सापडलाच नाही तिथे २१२. आज भाजीवाली कोथिंबिरीचे दहा रुपये यूपीआयने घेते. चार्जरवर क्यूआर असतो, तो स्कॅन केला की पैसे द्यायचं पान उघडत नाही, अ‍ॅप उतरवून घ्यायचं पान उघडतं. पावसात, ११ टक्क्यांवर, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये रेंज नसताना ओटीपीची वाट बघणं हा ज्याने अनुभव घेतलाय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल. काही ठिकाणी एकाच अ‍ॅपमधून दोन-तीन कंपन्यांचे चार्जर दिसायला लागलेत, पण दिसतात आणि चालू होतात यात अजून फरक आहे. मी एकदा तसा प्रयत्न केला, चार्जिंग सुरू झालंच नाही आणि अडवून ठेवलेले तीनशे रुपये परत यायला सहा दिवस लागले.

ज्यांना त्या शोरूमला जायचं असेल त्यांच्यासाठी: सकाळी साडेनऊच्या आधी जा, तेव्हा डिलिव्हरीच्या गाड्या धुऊन त्या जागेवर लावलेल्या नसतात. दसरा, पाडवा आणि त्याच्या आदल्या दिवशी फिरकूच नका. शोरूमवाल्यांना त्या दिवशी तुमच्या बॅटरीशी देणंघेणं नसतं, आणि मला त्यात त्यांची चूकही दिसत नाही. पुढे झाकण असलेल्या गाड्यांनी उजवीकडची जागा घ्यावी, तिथे ठोकळा तुटलाय आणि केबल नीट पोचते. मशीन चांगलं आहे. आठ महिन्यांत चाळीसेक वेळा गेले असेन, मशीनमुळे परत फिरावं लागलं ते दोनदा. समोर उभ्या केलेल्या गाडीमुळे अकरा वेळा, मी डायरीत लिहून ठेवलंय. मशीनला साडेचार तारे, जागेला अडीच.

गेल्या मंगळवारी जेजुरीत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी शोरूमचा वॉचमन. ते लाल बटण पुन्हा आत गेलंय. वास नाही, पाणी नाही, समदं बघितलं. पिळायचं उजवीकडं का डावीकडं?" मागे कुणीतरी घाईत असल्यासारखं काही बोलत होतं. मी म्हटलं, बटणावर बाण आहे बघा. जरा वेळ नुसता पावसासारखा आवाज, केबल घासल्याचा असेल, आणि मग मामा फोन तसाच चालू ठेवून त्या घाईवाल्याला म्हणाले, "गाडी कोणची का असंना, आधी त्या ठोकळ्यापासून जरा मागं घ्या."